गाणारा देश कोण ठरवतं?

22 जुलै 2017 च्या रात्री लाटव्हियाच्या राजधानीत, रिगा शहरात, नऊ क्वायर एकामागून एक मंचावर आले. क्वायर म्हणजे अनेक आवाजांनी मिळून, बहुतेक वेळा वाद्यांशिवाय, गाणारा वृंद. प्रत्येकाला सहा मिनिटं मिळाली, तिघा परीक्षकांनी ऐकलं आणि टीव्हीवर थेट चाललेल्या त्या कार्यक्रमाच्या शेवटी निकाल लागला. पहिला स्लोव्हेनिया, दुसरा वेल्स, तिसरा यजमान लाटव्हिया. स्पर्धेचं नाव 'युरोव्हिजन क्वायर ऑफ द इयर'. ती पहिल्यांदाच होत होती.

त्यातल्या वेल्सच्या मुलींच्या गाण्याचा व्हिडिओ फिरत फिरत आमच्या बेळगावातल्या वडगावच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडला. गाणं सगळ्यांना आवडलं. पेटी वाजवणाऱ्या अण्णांनी मात्र नेमकं बोट ठेवलं. "मास्तर, हे वेल्स कवा देश झालंय वो? खरं ऑलिम्पिकात तर कुठं दिसत नाही."

अण्णांची शंका रास्त आहे. ऑलिम्पिकमध्ये वेल्सचे खेळाडू ग्रेट ब्रिटनच्या संघातून उतरतात. संयुक्त राष्ट्रसंघात वेल्सची खुर्ची नाही. दरवर्षीच्या प्रसिद्ध युरोव्हिजन गीतस्पर्धेतही युनायटेड किंग्डम नावाचा एकच स्पर्धक असतो, आणि वेल्स, स्कॉटलंड, इंग्लंड, उत्तर आयर्लंड सगळे त्यातच. मग क्वायरच्या स्पर्धेत वेल्सला स्वतःचा झेंडा घेऊन कुणी येऊ दिलं?

ग्रुपवर मी दोन ओळींत उत्तर दिलं, त्यानं कुणाचं समाधान झालं नाही. म्हणून हे जरा ऐसपैस.

उतरतो कोण?

या स्पर्धेच्या कागदावर देशाचं नाव असतं, पण नोंदणी सरकार करत नाही. सांस्कृतिक खातं करत नाही, एखादी संगीत अकादमीही करत नाही. नोंदणी करते त्या देशातली टीव्ही वाहिनी. तीही कुठलीही चालत नाही. ती युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची, म्हणजे ईबीयूची, सभासद असावी लागते.

ईबीयूची स्थापना 1950 ची, कचेरी जिनिव्हात. गावोगावच्या दूध संस्था मिळून जिल्ह्याचा संघ उभा करतात, तसा देशोदेशीच्या सार्वजनिक रेडिओ-टीव्ही संस्थांनी उभा केलेला हा संघ. बातम्यांची दृश्यं एकमेकांना द्यायची, खेळांच्या प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकत घ्यायचे, मोठे कार्यक्रम मिळून करायचे, अशी त्याची कामं. देशादेशांत कार्यक्रमांची देवाणघेवाण करणारं जे जाळं 1954 मध्ये सुरू झालं त्याचं नाव युरोव्हिजन. 1956 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथं सात देशांची पहिली गीतस्पर्धा झाली आणि नाव तिलाच चिकटून बसलं.

नावात 'युरो' असलं तरी युरोपियन युनियनशी, म्हणजे तिथल्या राजकीय संघाशी, याचा काही संबंध नाही. ब्रिटन 2020 मध्ये त्या संघातून बाहेर पडलं, पण बीबीसी ईबीयूत होती तिथंच आहे. अल्जीरिया, इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन इथल्या संस्थाही सभासद आहेत. ऑस्ट्रेलियाची एसबीएस ही वाहिनी सहयोगी सभासद आहे आणि 2015 पासून ऑस्ट्रेलिया गीतस्पर्धेत गायला लागला. तेव्हा नकाशा उघडून 'हा देश युरोपात आहे का' असं बघण्यात अर्थ नाही. बघायचं ते सभासदांच्या यादीत.

सहभाग घ्यायचा तर वाहिनीनं ईबीयूला कळवायचं, आपला क्वायर निवडायचा, त्याला स्पर्धेच्या गावी घेऊन जायचं आणि कार्यक्रम आपल्या प्रेक्षकांना दाखवायचा. खर्च वाहिनीचा, निर्णयही वाहिनीचा. एखाद्या देशात शंभर उत्तम क्वायर असोत, वाहिनीनं मनावर घेतलं नाही तर तो देश यादीत दिसत नाही. इंग्लंडमध्ये क्वायरचा तुटवडा आहे असं कोण म्हणेल? तिथल्या कॅथेड्रलांत शेकडो वर्षं गाणं चाललंय. तरी 2017 ला बीबीसी या स्पर्धेकडे फिरकली नाही, म्हणून युनायटेड किंग्डम नावाचा स्पर्धकच नव्हता.

फिरकली ती एस फोर सी. वेल्श भाषेची वाहिनी.

एका वाहिनीसाठी उपोषण

इथं जरा थांबायला हवं, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला ही गोष्ट लांबची वाटणार नाही.

अख्ख्या वेल्सची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 31 लाख होती. आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची 2011 ची जवळपास 48 लाख. त्या 31 लाखांत वेल्श बोलता येणारे 17.8 टक्के, म्हणजे साडेपाच लाखांच्या आतबाहेर. बाकीच्यांची रोजची भाषा इंग्रजी. एके काळी वेल्श कार्यक्रम बीबीसीवर आणि तिथल्या व्यावसायिक वाहिनीवर तुकड्यातुकड्यांनी, बहुधा आडवेळी लागायचे. वेल्श येणारे म्हणायचे, हे पुरत नाही. न येणारे म्हणायचे, आमच्या वेळात हे कशाला? वैतागून त्यांच्यातले कितीतरी जण घरावरची अँटेना इंग्लंडच्या टॉवरकडे फिरवायचे.

ब्रिटनमध्ये चौथी वाहिनी सुरू होणार होती. वेल्समध्ये ती वेल्श भाषेला द्यायची, असं वचन 1979 च्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर यांच्या पक्षानं दिलं. सत्ता आली आणि काही महिन्यांतच सरकारनं ते फिरवलं. लोकांनी टीव्हीचा परवाना शुल्क भरायचं नाकारलं, काही जण तुरुंगातही गेले. मग ग्विन्फोर इव्हान्स पुढं आले. 1966 मध्ये 'प्लाइड कम्री' या वेल्श पक्षाचे पहिले खासदार म्हणून निवडून आलेले हे गृहस्थ तेव्हा पक्षाचे अध्यक्ष होते, वय 67. मे 1980 मध्ये त्यांनी जाहीर केलं की 6 ऑक्टोबरपासून आमरण उपोषणाला बसतो. त्या तारखेला तीन आठवडेही उरले नव्हते, तेव्हा सप्टेंबरात सरकारनं माघार घेतली.

एस फोर सी पहिल्यांदा दिसली ती 1 नोव्हेंबर 1982 ला. तारीख वाचून बेळगावचा माणूस क्षणभर अडखळेल. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. तेव्हापासून आमच्याकडे त्याच दिवशी एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या रस्त्यावर काळ्या दिनाची सायकल फेरी. योगायोगच आहे, त्यातून काही काढू नये. मी फक्त नोंद केली.

तर अशी ही वाहिनी. ब्रिटनमधल्या बीबीसीबाहेरच्या प्रसारण संस्थांच्या गटातून तिला ईबीयूचं दार उघडं होतं. आणि तिच्याकडे क्वायरची एक स्पर्धा आधीपासून तयार होती. 2003 पासून दर दोन वर्षांनी ती 'कोर कम्री' नावाची टीव्ही स्पर्धा घेते, त्यात वेल्सभरचे क्वायर उतरतात. 2017 चा विजेता होता कार्मार्थनशायर भागातल्या मुलींचा वृंद, 'कोर मेरखेद सीर गार'. त्यालाच रिगाला धाडलं. नव्यानं निवड करावी लागली नाही. पडद्यावर नाव आलं 'वेल्स'.

एका अर्थी एस फोर सीला ही सवयच लागली. 2018 मध्ये मिन्स्कला झालेल्या लहान मुलांच्या युरोव्हिजनमध्येही तिनं वेल्स म्हणून नाव नोंदवलं. तिथं वेल्स शेवटच्या क्रमांकावर राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेले.

क्वायरची दुसरी स्पर्धा 3 ऑगस्ट 2019 ला स्वीडनमध्ये गोथेनबर्गला झाली, तेव्हा वेल्सच्या जोडीला स्कॉटलंडही आलं. वाट तीच. बीबीसीची 'आल्बा' नावाची वाहिनी आहे, 2008 मध्ये सुरू झालेली, स्कॉटिश गेलिक भाषेची. ही भाषा बोलणारे 2011 च्या जनगणनेत सुमारे 57 हजार होते. आपल्याकडं एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावात एवढी माणसं भरतील. त्या भाषेतल्या वाहिनीनं खास या स्पर्धेसाठी क्वायर जमवला आणि अख्ख्या स्कॉटलंडचं नाव त्याला लागलं. इंग्रजी बोलणाऱ्या पन्नासेक लाख स्कॉटिश लोकांचंही प्रतिनिधित्व त्या रात्री गेलिकनं केलं. मला ही यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. छोट्या भाषेला राज्य मिळालं नाही, वाहिनी मिळाली, आणि वाहिनीच्या खिडकीतून ती 'देश' म्हणून दिसली.

उलटा मासला बेल्जियमचा. तिथं भाषांची सीमारेषा 1962 च्या कायद्यानं आखली गेली. उत्तरेला डच, दक्षिणेला फ्रेंच, आणि सार्वजनिक वाहिन्याही भाषेप्रमाणे वेगळ्या. त्यामुळे गीतस्पर्धेला बेल्जियमचा गायक कुणी पाठवायचा यात दोघींची पाळी लागते. 2017 च्या क्वायर स्पर्धेला फ्रेंच बाजूच्या वाहिनीनं मुलग्यांचा एक वृंद पाठवला. नाव बेल्जियमचं, आवाज अर्ध्याचा. सीमाभागात राहणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही म्हणा.

आपल्याकडं दूरदर्शनची सह्याद्री मराठीतून आणि चंदना कन्नडमधून बोलते, आणि बेळगावच्या घराघरांत एकाच रिमोटवर दोन्ही लागतात. दोन्ही प्रसार भारतीच्याच. पण त्या राज्यांच्या हिशोबानं उभ्या राहिल्या आहेत. राज्याच्या रेषेपलीकडं राहणाऱ्या भाषिकांचं काय, हे कुणाच्या कामाच्या यादीत नाही. कर्नाटकातला मराठी असो की सोलापूर-अक्कलकोटकडचा कन्नडिग, दोघांनाही ते सारखंच लागू. वेल्सचं जसंच्या तसं इथं लावता येत नाही हेही खरं. वेल्सला रेषेनं आखलेला स्वतःचा प्रदेश आहे, फुटबॉलचा संघ आहे, 1999 पासून स्वतःची विधानसभा आहे. भाषा तिथं पाहुणी नाही.

सहा मिनिटांत करायचं काय

आता गाण्याकडं. अण्णांचा दुसरा प्रश्न असा होता की एवढ्या पोरी गातात, मग एकाच आवाजात का गात नाहीत? चुकतायत की मुद्दाम करतायत?

मुद्दाम करतायत. आणि यातच क्वायरचं सगळं शास्त्र आहे.

आपल्या भजनात सगळे एकच चाल गातात. बुवा चरण म्हणतात, बाकीचे तीच ओळ उचलतात. एक अडचण मात्र नेहमी येते, ती पट्टीची, म्हणजे सा किती उंचीवर धरायचा त्याची. बुवांना पेटीवरची काळी एक किंवा काळी दोन सोयीची, बायकांना पांढरी चार, काळी चार. एकत्र गायला बसलं की कुणाचा तरी आवाज ओढला जातो किंवा तळाला जातो. आमच्याकडं बायकांची भजनी मंडळं वेगळी असण्याचं हे एक कारण आहे, बाकीची कारणं सोडून द्या. शाळेच्या प्रार्थनेत नववी-दहावीच्या मुलांकडं कान देऊन बघा. आवाज फुटायला लागलेली मुलं वरच्या ओळीला गप्प बसतात किंवा गुपचूप खालच्या सप्तकात उतरतात.

युरोपातल्या चर्चसंगीतानं या अडचणीतून वेगळी वाट काढली. सगळ्यांना एका चालीत बसवण्याऐवजी प्रत्येक आवाजाला त्याची त्याची चाल दिली. बायकांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा उंच टेनर, खालचा बास. चारही चाली एकाच वेळी चालतात आणि दर क्षणाला त्यांचे स्वर एकमेकांना भिडून एक मेळ तयार होतो. यालाच हार्मनी म्हणतात. सा, ग आणि प हे तीन स्वर तिघांनी एकदम लावले की ऐकायला येतो तो सगळ्यात साधा मेळ. आपला राग एका स्वरातून दुसऱ्या स्वराकडं जाण्यात फुलतो. त्यांचं गाणं दर थांब्यावर कोणते स्वर एकावर एक उभे आहेत यात फुलतं. तानपुऱ्याच्या सा-प मध्ये त्याची पुसटशी चुणूक आहे, पण आपण तो मेळ स्थिर ठेवतो आणि वर गातो. ते मेळच हलवत नेतात.

2017 ची गंमत अशी की पहिल्या तिन्ही क्रमांकांचे क्वायर बायका-मुलींचे होते. स्लोव्हेनियाचा 'कार्मेन मानेत' हा क्रान्य गावचा, वेल्सचा आधी सांगितलेला, आणि लाटव्हियाचा 'स्पीगो'. पुरुषांचे आवाज नाहीत म्हणजे बास नाही, मेळाचा पायाच काढून घेतल्यासारखं. मग चार चाली बायकांच्याच आवाजांत वाटायच्या, दोन सोप्रानोच्या, दोन आल्टोच्या. सगळे स्वर एकमेकांच्या जवळजवळ येतात, कुणी जरा हललं तरी लगेच कानाला खुपतं. हे अवघड काम आहे. आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाला मी हा निकाल आवर्जून वाचून दाखवला.

वाद्य नसताना गाणं सुरू कसं होतं, हे बारकाईनं बघण्यासारखं आहे. संचालक खिशातून नादकाटा काढतो, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच, गुडघ्यावर किंवा बोटाच्या पेरावर हलकेच आपटून कानाजवळ नेतो. त्यावरून तो मनात बाकीचे स्वर मोजतो आणि चारही गटांना त्यांचा पहिला स्वर तोंड मिटून गुणगुणत देतो. ऐकणाऱ्याला तो जेमतेम कळतो. हात वर जातो, सगळे एकदम श्वास घेतात, आणि पुढची सहा मिनिटं आधाराला काही नाही.

इथून पुढं भीती एकच, सूर उतरण्याची. श्वास अपुरा पडला, उतरत्या चालीत पावलं जरा मोठी पडली, एखादा गट थकला, की सगळा क्वायर नकळत खाली घसरतो. सगळे मिळूनच घसरतात, त्यामुळे आत गाणाऱ्यांना पत्ता लागत नाही. गाणं संपल्यावर पेटीवर सुरुवातीचा सूर दाबून बघितला की उघडं पडतं. अर्धा स्वर गेला तर परीक्षकाचं पेन हललंच. दुसरी मेख 'ग' ची. वाद्य नसेल तर कान आपोआप शुद्ध, तानपुऱ्याला जुळणारा ग शोधतो. पेटीवरचा ग त्याहून किंचित चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. आपल्या गवयांनी याच कारणावरून पेटीला नावं ठेवली. आकाशवाणीनं तर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला स्टुडिओबाहेर ठेवलं होतं. चांगला क्वायर तो शुद्ध ग लावतो आणि वर पट्टीही सोडत नाही. दोन्ही साधणं म्हणजे कसोटी.

आणि श्वास. लांबच लांब ओळ सलग ऐकू येते, मध्ये कुठं तुटत नाही, याचं रहस्य साधं आहे. गटातले सगळे एकाच जागी श्वास घेत नाहीत. शेजारीण घेते तेव्हा मी घ्यायचा नाही, शब्दाच्या मधेच चोरून घ्यायचा, आणि परत येताना हळू आवाजात शिरायचं. उद्या भजनात करून बघा. चार जणांनी केलं तरी फरक कळतो.

वेल्सच्या खाणीतल्या मजुरांना आणि शेतकऱ्यांना हे चार आवाजांचं गाणं जमलं कसं, याचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे. पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन शिकायला वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन या इंग्रज पाद्र्यानं एक सोपी पद्धत पसरवली, टॉनिक सोल्फा. तिच्यात स्वर अक्षरांनी लिहायचे आणि 'डो' कुठल्याही पट्टीत धरायचा. म्हणजे थेट आपला सा. पट्टी बदला, सरगम तीच. या पद्धतीची स्वस्त पुस्तकं वेल्सच्या चॅपलांमध्ये, म्हणजे छोट्या चर्चांमध्ये, पोचली आणि रविवारी गावंच्या गावं चार आवाजांत गायला लागली. त्यात भर पडली आयस्टेडफॉडची. कविता आणि गाण्याच्या स्पर्धांचा हा वेल्श मेळावा राष्ट्रीय स्वरूपात 1861 पासून भरतो. टीव्ही आला तेव्हा गाणारे तयारच होते.

लाटव्हिया आणि शेजारच्या एस्टोनियात हे गाणं आणखी खोल गेलं आहे. एस्टोनियाचा पहिला गीतमहोत्सव 1869 चा, लाटव्हियाचा 1873 चा. हजारो लोक एका मैदानात एकच क्वायर होऊन गातात. सोव्हिएत अमलात बंदी असलेली गाणी 1980 च्या दशकाच्या शेवटी याच मैदानांत लोक मोठ्यानं गायला लागले. 1987 ते 1991 मधल्या त्या स्वातंत्र्य चळवळीला 'गाणारी क्रांती' असंच म्हणतात. पहिली क्वायर स्पर्धा रिगात झाली ती उगाच नाही.

टीव्हीचं दुखणं

क्वायर जन्माला आला दगडी चर्चमध्ये, जिथं भिंती आवाज परत देतात. बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या चर्चमध्ये नाताळच्या आधी सराव चालू असतो तेव्हा दारात उभं राहिलं तरी हे कळतं. रिगातली स्पर्धा झाली ती 2006 मध्ये आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेसाठी बांधलेल्या स्टेडियमवजा सभागृहात. तिथं भिंती काही देत नाहीत. सगळं माइक आणि ध्वनी अभियंत्याच्या हातात. तो एखाद्या गटाचा आवाज बोटभर वर सरकवतो आणि मेळ बदलतो. 2019 चा विजेता डेन्मार्कचा 'व्होकल लाइन' हा आधुनिक, लयीवर भर देणारा वृंद, माइकशी सरावलेला. टीव्हीवर अशांना झुकतं माप मिळतं असं माझं मत आहे. पारंपरिक पद्धतीनं उभं राहून गाणाऱ्यांचं अर्धं गाणं कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही.

नियमांत एक गोष्ट मला पटते. गायक व्यावसायिक नसावेत आणि एका क्वायरमध्ये जास्तीत जास्त 45 जण. आणखी एक, इथं प्रेक्षकांची मतं नाहीत. आपल्या टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमांत गावाकडून एसएमएसची मोहीम निघायची, बॅनर लागायचे. इथं निकाल तिघा परीक्षकांच्या हातात. 2017 ला इंग्लंडचे संगीतकार जॉन रटर, लाटव्हियाची ऑपेरा गायिका एलिना गारान्चा आणि स्वित्झर्लंडचे संचालक निकोलास फिंक होते. चुरस कमी वाटते, पण सूर उतरलेला असताना लोकप्रियतेवर कुणी तरून जात नाही.

लोकप्रियता नसल्याची किंमतही मोजावी लागते. क्वायरला गीतस्पर्धेसारखा प्रेक्षक नाही, त्यामुळे वाहिन्या हात आखडता घेतात. ऑस्ट्रिया, एस्टोनिया आणि हंगेरी 2017 ला होते, 2019 ला आले नाहीत. 2021 ची फेरी करोनाच्या काळात बारगळली. ही कल्पना मात्र टीव्हीपेक्षा जुनी आहे. 1957 मध्ये बीबीसी रेडिओनं 'लेट द पीपल्स सिंग' नावाची क्वायर स्पर्धा सुरू केली, ती पुढं ईबीयूकडं गेली आणि कितीतरी दशकं रेडिओवर चालली. रेडिओवर कपडे दिसत नाहीत, फक्त सूर कळतो.

आपण कुठं?

अण्णांचा तिसरा प्रश्न ओघानंच आला. भारत का नाही?

या स्पर्धेत येण्याचा रस्ता ईबीयूच्या सभासद वाहिन्यांमधून जातो, आणि आकाशवाणी-दूरदर्शनचं घर आहे आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन. ती 1964 ची, मुख्यालय क्वालालंपूरला. तिचा 2012 पासून टीव्ही गीतमहोत्सव होतो, पण त्यात क्रमांक काढत नाहीत आणि तो क्वायरसाठी नाही.

भारतात क्वायर नाहीत असं मात्र नाही. मुंबईत सलील चौधरींनी 1958 मध्ये बॉम्बे यूथ क्वायर उभा केला आणि लोकगीतांना चार आवाजांत बांधलं. मद्रासला एम. बी. श्रीनिवासन यांनी तसंच काम केलं. आणि 2001 मध्ये सुरू झालेला शिलाँग चेंबर क्वायर 2010 मध्ये एका हिंदी टीव्ही स्पर्धेत जिंकला तेव्हा देशभरच्या लोकांनी पहिल्यांदा घरी बसून चार आवाजांचं गाणं ऐकलं. त्यांची भाषा खासी. मेघालयाबाहेर ती किती जणांना कळते?

त्याच वर्षी, टीव्हीवरच्या विजयाच्या आधी, हा क्वायर चीनमधल्या शाओशिंगला झालेल्या वर्ल्ड क्वायर गेम्समध्ये तीन विभागांत सुवर्ण घेऊन आला होता. या खेळांचं आयोजन 'इंटरकुल्टुर' ही जर्मन संस्था करते, 2000 साली ऑस्ट्रियात लिंझला त्यांची सुरुवात झाली. टीव्हीवरची क्वायर स्पर्धाही ईबीयूनं तिच्याच मदतीनं उभी केली. फरक दाराचा आहे. वर्ल्ड क्वायर गेम्समध्ये क्वायर स्वतः अर्ज करतो, मध्ये वाहिनी लागत नाही, राज्य लागत नाही, भाषेची अट नाही. नवख्यांसाठी सोपा विभाग वेगळा असतो. मराठी अभंगाची चार आवाजांतली बांधणी तिथं चालेल, त्याच मैफलीत कन्नड दासपदही चालेल, जसं ते आमच्या एकादशीच्या भजनात एकामागून एक चालतं.

मंडळातल्या दोन-तीन पोरांनी आता विचारायला सुरुवात केली आहे. त्यांना मी सांगितलं ते असं. चार आवाजांच्या मागं आत्ताच लागू नका. आधी दोन करा. अर्ध्यांनी नुसता सा धरून ठेवायचा, अर्ध्यांनी त्यावर भूपाची सरगम संथ गायची, पेटी बंद ठेवून. पाच मिनिटांनी पेटी उघडून सा दाबा आणि किती खाली आलात ते बघा. रोज करा. सा टिकायला लागला की धरणाऱ्यांना सा ऐवजी सा आणि प मध्ये हलायला सांगा. तिथून पुढं शिकवणारा लागेल, आणि तो चर्चच्या क्वायरमध्ये सापडेल. कॅम्पात जाऊन विचारायला हरकत नाही. परदेशी जायचं तर विमानाचं भाडं मात्र ज्याचं त्यानं.